गवती चहात कॅफीन नसते, मग आपल्या कपात ते येते कुठून? गवती चहाचे घरगुती उपयोग आणि अनुभव

परसदार

माझी आई ७२ वर्षांची आहे. गेल्या पावसाळ्यापासून तिला रात्री झोप लागेना, म्हणून डॉक्टरांकडे नेले. त्यांनी गोळी लिहून देण्याआधी तिच्या दिवसभराच्या खाण्यापिण्याची नीट चौकशी केली आणि दुपारी तीननंतरचा चहा पूर्ण बंद करायला सांगितले. आईने ते मनावर घेतले आणि संध्याकाळच्या चहाऐवजी ती गवती चहा घेऊ लागली. दोन महिने उलटले तरी झोपेत फरक पडला नाही, आणि विचारले की ती ठामपणे सांगायची, "मी तर आता चहाला शिवतसुद्धा नाही." एका संध्याकाळी मी सहज स्वयंपाकघरात तिच्या शेजारी उभी राहिले, तेव्हा उलगडा झाला. तिने पातेल्यात पाणी ठेवले, परसातून आणलेल्या चार पाती कात्रीने कापून टाकल्या, आल्याचा तुकडा ठेचून घातला, साखर घातली आणि शेवटी नेहमीच्या डब्यातून दीड चमचा चहापूड घातली. तिच्या लेखी तो गवती चहाच होता, आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी गवती चहा म्हणून जे मिळते तेही हेच असते.

गवती चहा ही गवताच्या कुळातील वनस्पती आहे आणि तिच्यात कॅफीन मुळीच नसते. कॅफीन असते ते आसाम-दार्जिलिंगच्या मळ्यांत वाढणाऱ्या खऱ्या चहाच्या झुडपात, कॉफीच्या बीत, कोकोत आणि दक्षिण अमेरिकेतल्या येर्बा मातेसारख्या मोजक्या वनस्पतींत. चहाच्या कोरड्या पानात वजनाच्या साधारण २ ते ४ टक्के कॅफीन असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांमध्ये १५० मिलीलिटर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते असे म्हटले आहे आणि दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम सांगितली आहे. प्रौढ माणसाच्या शरीरातून घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मे बाहेर पडायलाच सुमारे पाच तास लागतात. म्हणजे सहा वाजता घेतलेल्या कपातले निम्मे कॅफीन रात्री अकरालाही अंगात असणार. त्यात आईने कितीही पाती घातल्या तरी चहापुडीचे कॅफीन कमी होत नाही. फक्त त्याला लिंबासारखा वास येतो.

मला वाटते, गोंधळाचे मूळ नावात आहे. चहा आपल्याकडे घरोघर पोचला तो विसाव्या शतकात. १९०३ साली चहावर उपकर बसवणारा कायदा झाला, त्या पैशातून पुढे देशभर चहाचा प्रचार झाला आणि शहरांतून तो खेड्यांत गेला.  गवत मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून ओळखीचे होते आणि त्याचा काढा होत होता. चहा आला, त्या काढ्याचे पातेले त्याने घेतले आणि गवताला आपले नावही दिले. आता नावात चहा आहे म्हणून आपण पूड घालतो, आणि त्यात गवत आहे म्हणून त्याला औषधी समजतो.

म्हणून हा धागा काढला आहे. चहापूड न घालता गवती चहा तुमच्याकडे कसा करत असत, कशासाठी वापरत असत, त्यातले तुम्ही स्वतः काय पाहिले आहे, ते कृपया सविस्तर लिहावे. "अमुक रोगावर रामबाण" अशा फिरत्या संदेशांची मात्र इथे भर घालू नये, अशी विनंती आहे.

पाणंद

आमचे घर सिंधुदुर्गात आहे. आमच्याकडे न्हाणीच्या मागे, जिथे अंघोळीचे पाणी वाहत जाते, तिथे अळू, एक केळ आणि गवती चहाचा ठोंब या तिघांची जागा ठरलेली असते. आमच्या आजीने तो ठोंब तिच्या माहेरून आणला होता आणि आज आमच्या वाडीतल्या निदान दहा घरांत त्याचेच फुटवे आहेत. 'पातीचा चहा' हेच आमच्याकडचे नाव. त्याला गवती चहा म्हणतात हे मला शाळेत गेल्यावर कळले.

आजीच्या हातचा पातीचा चहा दोन तऱ्हेचा असे आणि त्या दोन तऱ्हा ती कधी एकमेकींत मिसळत नसे. पाहुणे आले की पूड, दूध आणि वरून दोन पाती. घरात कुणाला ताप किंवा पडसे असले की पूड आणि दूध दोन्ही वर्ज्य. त्या वेळी ती सात-आठ पाती घेऊन, त्यांच्या कडा बोटाला लागू नयेत म्हणून खालून वर हात फिरवत पुसून, सगळ्यांना मिळून एक गाठ मारायची. गाठीने पाती पातेल्यात मावतात, मोडलेल्या जागांतून वास सुटतो आणि गाळताना गाळणीत तुकडे अडकत नाहीत. त्यात ठेचलेले आले, चार मिऱ्या, तुळशीची पाने आणि गुळाचा खडा. पाण्याला उकळी आली की पातेले चुलीवरून उतरवून वर ताट झाकायचे आणि दहा मिनिटे ते ताट कुणी उघडायचे नाही. आम्ही मुले उत्सुकतेने ताट उचलायला गेलो की ती हातावर चापट मारायची आणि म्हणायची, "वास गेला तर मग राहिले काय?"

हा काढा कढत प्यायचा, अंगावर कांबळे घ्यायचे आणि पडून राहायचे. घाम फुटून अंग हलके व्हायचे. आजी त्याला तापाचे औषध म्हणत नसे. "घाम आला म्हणजे जिवाला बरे वाटते" एवढेच म्हणे. ताप दोन दिवसांत उतरला नाही तर तीच पहिल्यांदा दवाखान्यात न्यायला सांगायची. याशिवाय नाक चोंदले की पातींचा वाफारा, पावसात भात लावून आलेल्या बायकांच्या अंघोळीच्या पाण्यात एक जुडी आणि पोटात वारा धरला तर जेवणानंतर अर्धी वाटी नुसते पातीचे पाणी, एवढेच उपयोग मी डोळ्यांनी पाहिले आहेत.

विश्वामित्रीकाठ

आम्ही तीन पिढ्यांपासून बडोद्यात आहोत. इथे याला 'लीली चा' म्हणतात, म्हणजे हिरवा चहा, आणि भाजीवालीकडे पुदिन्याच्या जुडीबरोबरच ती मिळते. गुजराती शेजाऱ्यांकडे फुदिनो आणि लीली चा ही जोडी इतकी पक्की आहे की एक नसली तर दुसरी घेत नाहीत. दुधाच्या चहातच ती घालतात, त्यामुळे परसदारताईंनी सांगितलेली गोष्ट इथेही तितकीच खरी आहे. त्यात आणखी एक घोटाळा हल्ली होतो. बाजारात 'ग्रीन टी' म्हणून जे मिळते ते खऱ्या चहाचेच न आंबवलेले पान असते आणि त्यात कॅफीन असते. पण 'लीली चा' आणि 'ग्रीन टी' यांचा अर्थ शब्दशः एकच असल्यामुळे अनेक ज्येष्ठ मंडळी एकाऐवजी दुसरे घेतात. माझ्या सासूबाईंनी वर्षभर तसेच केले होते.

गवताळ

मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतो आणि गवते हा माझ्या विशेष आवडीचा विषय आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आपल्या परसातल्या गवती चहाचे शास्त्रीय नाव सिम्बोपोगॉन सिट्रॅटस. ग्रीक भाषेत 'किम्बे' म्हणजे होडी आणि 'पोगॉन' म्हणजे दाढी. या प्रजातीच्या फुलोऱ्यात नावेच्या आकाराची पाने आणि त्यांतून डोकावणारे केस असतात, त्यावरून हे नाव पडले. गंमत अशी आहे की ज्या फुलोऱ्यावरून नाव पडले तो आपल्या गवती चहावर सहसा कुणी पाहिलेलाच नसतो. शतकानुशतके माणसाने त्याचे फुटवेच लावत आणल्यामुळे तो क्वचितच फुलतो आणि त्याचे बी जवळपास मिळत नाही. पाणंद यांच्या आजींनी माहेरून आणलेला ठोंब आणि वाडीतल्या दहा घरांतले ठोंब ही खऱ्या अर्थाने एकच वनस्पती आहे. रानात आपोआप वाढलेला असा हा गवती चहा सापडत नाही. तो माणसाच्या सोबतीनेच राहिला आहे.

सुगंधी गवतांच्या वर्गीकरणाचा मोठा गुंता १९०६ साली लंडनजवळच्या क्यू उद्यानातील ओटो श्टाफ यांनी भारत आणि सिलोनच्या तेलगवतांचा अभ्यास करून बराचसा सोडवला. आपल्या कामाच्या जाती चार आहेत. पहिली आपली घरगुती. दुसरी सिम्बोपोगॉन फ्लेक्सुओसस, जिची केरळात तेलासाठी लागवड होते आणि जिचे तेल 'कोचीन तेल' या नावाने जगाच्या बाजारात गेले. एर्नाकुलम जिल्ह्यात ओडक्कली येथे १९५१ पासून तिचे संशोधन केंद्र आहे. तिसरी सिट्रोनेला, जिचे तेल डास पळवण्याच्या मलमांत असते. चौथी आपल्या माळरानांवरचे रोशा गवत. ऊस, ज्वारी आणि मका हे यांचे जवळचे नातेवाईक आहेत. पानाची ठेवण पाहिली की ते लक्षात येते.

लिंबाचा वास येतो तो सिट्राल या द्रव्यामुळे. गवती चहाच्या तेलात ते साधारण ७० ते ८० टक्के असते. लिंबाच्या सालीतही सिट्राल असते, पण लिंबाचा आंबटपणा सायट्रिक आम्लातून येतो आणि ते या गवतात नसते. म्हणून लिंबाचा वास येऊनही गवती चहाने दूध फाटत नाही. पाणंद यांच्या आजींचे झाकणही शास्त्राला धरूनच आहे. ताज्या गवतात तेलाचे प्रमाण जेमतेम अर्धा टक्का असते आणि ते वाफेबरोबर उडून जाते. तेल काढण्याची भट्टी याच तत्त्वावर चालते. आपण उघड्या पातेल्यात पंधरा मिनिटे खळखळ उकळतो तेव्हा तीच भट्टी घरात लावलेली असते, फक्त तेल कुणी गोळा करत नाही. ते स्वयंपाकघराच्या हवेत जाते.

गच्चीवरचीबाग

गवताळ सरांनी सिट्रोनेलाचा उल्लेख केला म्हणून माझा अनुभव सांगते. तीन वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका रोपवाटिकेतून मी गवती चहाचे रोप म्हणून एक कुंडी आणली. दोन महिन्यांत ते दणकून वाढले आणि पाती लांब होऊन कठड्यावरून खाली लोंबू लागल्या. पहिल्यांदा चहात घातल्या तेव्हा घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी कप खाली ठेवला. वास लिंबाकडे झुकणारा होता, पण त्यात साबणाचा आणि डासांच्या मलमाचा उग्र दर्प होता आणि घोट गिळल्यावर जिभेवर कडवटपणा राहिला. रोपवाटिकेत परत गेले तर "हाच गवती चहा, वेगळी जात आहे" असे सांगण्यात आले. मी पुढचे वर्षभर तसाच तो थोडा थोडा वापरत राहिले, याची आता हळहळ वाटते. ओळखायचे कसे?

गवताळ

तुमच्याकडे आला तो सिट्रोनेलाच असावा. त्याच्या पाती रुंद आणि लोंबणाऱ्या असतात आणि बुंध्याशी जांभळट लाल रंगाची झाक असते. घरगुती गवती चहाचा बुंधा फिकट हिरवा-पांढुरका असतो. मात्र नुसत्या रंगावर विसंबू नये, कारण केरळच्या जातीतही काही वाणांचे बुंधे लालसर असतात. सर्वांत भरवशाची खूण म्हणजे वास. पात बोटांत चुरगाळावी; लिंबाच्या सालीचा स्वच्छ वास आला तर ती चहाची, आणि साबण किंवा मलम आठवले तर ती कुंडी डासांसाठी खिडकीत ठेवावी, कपात घालू नये. शक्यतो रोप विकत घेऊच नये. ज्यांच्या घरी पिऊन पाहिलेला गवती चहा आहे त्यांच्याकडून मुळ्यांसकट एक फुटवा मागून घ्यावा.

माळरान

रोशा गवताचे नाव निघाले म्हणून राहवले नाही. मी खानदेशातला आहे. आमच्या नंदुरबार, शहादा, पिंपळनेर या पट्ट्यात एकोणिसाव्या शतकात रोशाचे तेल काढण्याचा मोठा धंदा होता. पावसाळा संपता संपता गवत फुलावर आले की ओढ्याकाठी भट्ट्या लागत. ते तेल मुंबईच्या बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानात जाई आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई, कारण त्याला गुलाबाजवळ जाणारा वास असतो. युरोपात त्याला म्हणूनच 'तुर्की जिरेनियम तेल' हे चुकीचे नाव पडले. जन्मले सातपुड्याच्या पायथ्याशी आणि नाव लागले तुर्कस्तानचे, याचे मला लहानपणापासून वाईट वाटते.

आमच्याकडे रोशाचा चहा करत नाहीत. तेल सांधे दुखले की चोळायला वापरतात, तेही तिळाच्या किंवा शेंगदाण्याच्या तेलात मिसळून. हे मुद्दाम सांगतो, कारण सुगंधी गवत दिसले की ते चहात घालायचे असा समज हल्ली वाढला आहे. भटकंतीला आलेली काही मंडळी माळावरचे गवत "जंगली गवती चहा" म्हणून उपटून नेताना मी पाहिली आहेत. तसे करू नये. ते गवत आमच्या परिसरातून आधीच कमी झाले आहे.

सुंठसाखर

मी आयुर्वेदाची पदवीधर असून गेली २२ वर्षे वैद्यकी करते. परसदारताईंनी रामबाण उपायांना मनाई केली आहे ते फार चांगले झाले.

संस्कृत ग्रंथांतले भूतृण म्हणजे गवती चहा असे सामान्यतः मानतात. भावप्रकाश निघंटूत भूतृणाला कटू, तीक्ष्ण, उष्ण आणि दीपन म्हटले आहे. म्हणजे ते भूक वाढवणारे, तोंडाला चव आणणारे, कफाला मोकळे करणारे आहे. हे गुण सगळे उद्धृत करतात. त्याच वर्णनात ते पित्त आणि रक्त बिघडवणारे आहे असेही सांगितले आहे, ते मात्र कुणी सांगत नाही. माझ्याकडे येणाऱ्या अनेकांची छातीतली जळजळ "औषधी काढा" सकाळी उपाशीपोटी घेतल्याने वाढलेली असते. त्यात गवती चहा, आले, मिरी, दालचिनी, लवंग असे सगळेच उष्ण पदार्थ एकत्र आलेले असतात. सर्दीत दोन दिवस घेण्याची ती गोष्ट आहे. वर्षभर रोज घेण्याची नाही. रोज घ्यायचे असेल तर नुसत्या तीन-चार पाती, गरम पाणी आणि झाकण, एवढेच पुरे आहे. ज्यांना पित्ताचा त्रास आहे त्यांनी जेवणानंतर घ्यावे आणि आले-मिरी वगळावी. गर्भवती स्त्रियांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध म्हणून मोठ्या प्रमाणात घेऊ नये.

झोपेबद्दल स्वतंत्रपणे लिहिते, कारण धाग्याचा मूळ प्रश्न तो आहे. ब्राझीलमध्ये हेच गवत 'पवित्र गवत' या अर्थाच्या नावाने घरोघर असते, आणि ते मन शांत करते, झोप आणते अशी तिथे दृढ समजूत आहे. १९८६ साली तिथल्याच संशोधकांनी निरोगी स्वयंसेवकांना या गवताचा चहा देऊन ही समजूत पडताळून पाहिली. त्यात विषारी परिणाम आढळला नाही, पण झोप आणणारा किंवा चिंता कमी करणारा परिणामही आढळला नाही. म्हणून आईंना झोप लागू लागली तर ती गवताने आणली असे समजू नये. चहापूड गेल्यामुळे झोपेची वाट मोकळी होते, आणि संध्याकाळी गरम कप हातात घेण्याची सवय मोडावी लागत नाही. माझ्या मते या वनस्पतीचा हा उपयोग मोठा आहे. सवय सोडायला सांगितले तर माणसे आठवडाभरात परत फिरतात. कपात काय आहे तेवढे बदलले तर बहुतेकांना जमते.

एक सक्त सूचना. बाजारात गवती चहाचे तेल छोट्या बाटल्यांत मिळते आणि "एक थेंब चहात टाका" असे सल्ले फिरतात. हे कुणीही करू नये. एका थेंबासाठी बरेच गवत लागलेले असते, त्यामुळे ते पातीच्या काढ्यासारखे सौम्य नसते. ते तसेच कातडीला लावले तरी काहींना लाली आणि खाज येते. बाटली लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नये.

दूरदेशी

मी न्यू जर्सीत राहतो. इथे थाई आणि व्हिएतनामी दुकानांत या गवताचे बुंधे मिळतात, पण पाती छाटून टाकलेल्या असतात, कारण त्यांच्या स्वयंपाकात पांढरा बुंधा लागतो आणि आपल्याला नेमकी पात लागते. सुरुवातीला मी बुंधाच बत्त्याने ठेचून चहात घालत असे. वास बरा येतो, पण त्याला पातीचा हिरवेपणा नसतो. मग एका मैत्रिणीने सांगितले म्हणून ताजे, तळाशी चकती शाबूत असलेले तीन बुंधे पेल्यात दोन बोटे पाण्यात उभे केले. दोन आठवड्यांत पांढऱ्या मुळ्या फुटल्या. आता चार कुंड्या आहेत. हिमतुषाराने हे गवत मरते, म्हणून ऑक्टोबरात पाती छाटून कुंड्या घरात दक्षिणेकडच्या खिडकीत येतात आणि मे महिन्यात पुन्हा बाहेर जातात.

इथे कॅफीन नसलेले पेय म्हणून दक्षिण आफ्रिकेतले रॉयबॉस सर्वत्र मिळते. ते लाल रंगाचे असते, दुधातही चालते आणि दिसायला चहासारखेच असल्यामुळे चहा सोडणाऱ्यांना रुचते. मीही काही महिने घेतले. पण पावसाच्या दिवशी मला हवा असतो तो वास त्याला येत नाही. माझा एक प्रश्न आहे: कुंडीतला ठोंब आता इतका दाटला आहे की मधल्या पाती वाळतात. तो किती छाटावा आणि कधी फोडावा?

पाणंद

दूरदेशी, जमिनीपासून चार ते सहा बोटे ठेवून छाटा. त्याहून खाली छाटला तर नवा फुटवा यायला वेळ लागतो, कधी बुंधा कुजतो. आमच्याकडे पहिला पाऊस पडला की ठोंब फोडतात. संपूर्ण उपटायचा, माती झाडायची, हाताने फुटवे वेगळे करायचे, प्रत्येकाला थोड्या मुळ्या राहिल्या पाहिजेत. वरच्या पाती वीतभर ठेवून कापायच्या म्हणजे मुळ्यांवर भार येत नाही. तीन वर्षांतून एकदा तरी फोडावा. पाणी भरपूर लागते पण साचलेले चालत नाही. न्हाणीच्या पाण्यावर तो जगतो याचे कारण ते पाणी वाहते असते.

परसदारताई, आईंना बिनपुडीचा चहा पांचट लागत असेल तर साखरेऐवजी गूळ घालून पाहा, रंगही येतो. मात्र दूध घालणार असाल तर गूळ आणि दूध एकत्र उकळू नका, दूध फाटेल. दूध वेगळे तापवून, पातेले उतरवल्यावर मग घालावे. ताज्या आल्यानेही कधीकधी दूध फाटते, म्हणून दूध घालायच्या आधी आले पाण्यात चांगले उकळून घ्यावे, किंवा सुंठ वापरावी.

परसदार

सर्वांचे मनापासून आभार. इथले वाचून आम्ही पद्धत बदलली, त्याला आता पाच आठवडे झाले.

पहिले तीन दिवस अवघड गेले. पूड न घातलेला कप पाहून आई म्हणाली, "हे तर पातींचे धुवण दिसते." तिला रंग हवा होता आणि जिभेला लागणारा तो किंचित तुरटपणाही हवा होता. गुळाने रंगाचा प्रश्न सुटला. तुरटपणाचे काही करता आले नाही, पण सुंठ घातल्यावर घशाला जी धग लागते तिने तिचे समाधान झाले. सुंठसाखर यांनी लिहिल्याप्रमाणे मिरी आणि दालचिनी आम्ही वगळली आणि सुंठ चिमूटभरच ठेवली, कारण तिला पित्त आहे. पातींना गाठ मारण्याची रीत तिला फार आवडली. तिच्या बोटांना संधिवातामुळे कात्री नीट धरता येत नाही. गाठ मात्र तिला सहज मारता येते, आणि आता ती पाती स्वतःच तोडून आणते. पातेल्यावर ताट झाकले की ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसते आणि दहा मिनिटे झाल्याशिवाय मला हात लावू देत नाही.

झोपेबद्दल खरे तेच लिहिते. पूर्वी साडेबारा-एकपर्यंत ती जागी असायची. आता अकराच्या आत झोपते. पहाटे चारला येणारी जाग तशीच आहे. सकाळचा पूड घातलेला एक कप तिने सोडलेला नाही आणि डॉक्टरांनीही तो सोडायला सांगितलेला नाही.

गवताळ सरांच्या सांगण्यावरून आमच्या ठोंबाचीही पारख केली. बुंधा फिकट आहे आणि वास लिंबाच्या सालीचा आहे, तेव्हा काळजी नाही. मात्र तोही मध्ये दाटून वाळला होता, म्हणून परवाच्या पावसानंतर फोडला. अकरा फुटवे निघाले. चार पुन्हा लावले, सात शेजारीपाजारी जायचे आहेत. गच्चीवरचीबाग, तुम्ही पुण्याच्या आसपास असाल तर तुमच्यासाठी एक ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला आहे. छाटलेल्या पाती वाया जाऊ नयेत म्हणून बोटभर तुकडे करून माजघरात सुपात पसरल्या आहेत. उन्हात वाळवल्या तर वास उडतो असे आईचे म्हणणे आहे. वाळलेल्या पातींचा चहा ताज्याच्या तुलनेत कसा लागतो आणि डब्यात वास किती दिवस टिकतो, ते महिन्याभराने इथेच लिहीन.